रणगाड्याच्या पोटात

(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्ते नोकरीनिमित्त जयपूरच्या खातीपुरा भागात राहतात.)



माजी विद्यार्थ्याने व्यासपीठावर येऊन आपण आयुष्यात काय मिळवले ते सांगावे, असा अशा समारंभांचा रिवाज आहे. माझ्याकडे त्या खात्यात सांगण्याजोगे फारसे नाही. मी एक वस्तू घेऊन आलो आहे आणि तिच्याविषयीच बोलणार आहे. या टेबलावरच्या लाकडी पेटीत सेंच्युरियन जातीच्या रणगाड्याची प्रतिकृती आहे. प्रमाण एकास पस्तीस, म्हणजे मूळ वस्तूचा पस्तिसावा भाग. तिचे काम पुरे होण्यास मला तीन वर्षे लागली. बाहेरचे काम चार महिन्यांत आटोपले होते. उरलेला सारा काळ आतल्या कामात गेला, आणि ते आतले काम मी का हाती घेतले याचे कारण याच शाळेच्या एका वर्गखोलीत आहे.

मी आठवीत होतो. कार्यानुभवाच्या तासाला प्रत्येकाने काहीतरी करून आणायचे होते. नगरच्या मुलाला रणगाड्याखेरीज दुसरे काय सुचणार? १९४८पासून चिलखती दलाचे केंद्र आपल्या गावाच्या उशाशी आहे. सरावाच्या तोफांचे आवाज ऐकत आपण पाढे पाठ केले. रणगाड्यांचे संग्रहालय १९९४ साली सुरू झाले होते आणि आमच्या वर्गाची सहल नुकतीच तेथे जाऊन आली होती. बुटांचे खोके, बाटल्यांची बुचे आणि बॉलपेनची रिकामी नळी यांतून मी रणगाडा उभा केला, त्याला हिरवा पोस्टर रंग फासला आणि मोठ्या ऐटीत सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

चित्रकलेच्या सरांनी तो उचलला, चारी बाजूंनी पाहिला आणि मग उलटा केला. आत बुटांच्या दुकानाचे नाव छापलेले दिसत होते. सर म्हणाले, “आत कोण बसतं रे?” मी म्हणालो, “कुणी नाही सर, पोकळ आहे.” “मग हा चालवतो कोण?” वर्ग हसला. मला दहापैकी सहा गुण मिळाले. त्यांपैकी कापले गेलेले चार आजवर माझ्या मनातून गेलेले नाहीत, हे सरांच्या माघारी येथे कबूल करतो.

पुढे या छंदात शिरल्यावर कळले की एकास पस्तीस हे प्रमाणच मुळी पोकळीतून जन्माला आले. जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी पँथर या जर्मन रणगाड्याची प्लास्टिकची प्रतिकृती काढली. ती खोलीत चालवता यावी म्हणून आत मोटार आणि बॅटऱ्या बसवायच्या होत्या. त्या मावतील एवढे धड आखले गेले, आणि मागाहून मोजून पाहता ते मूळच्या पस्तिसाव्या भागाएवढे भरले. ते पुढे रूढ झाले आणि आज जगभरच्या छांदिष्टांच्या कपाटांत त्याच मापाचे रणगाडे ओळीने उभे असतात. ज्या जागी माणसे बसायची ती जागा बॅटरीच्या मापाने ठरली! सरांना हे सांगता आले असते, तर एखादा गुण वाढला असता असे वाटते.

आता सेंच्युरियनविषयी. हा ब्रिटिश रणगाडा दुसऱ्या महायुद्धात आखला गेला, पण त्याचे पहिले नमुने जर्मनीत पोहोचले ते मे १९४५मध्ये, लढाई संपल्यावर. वजन सुमारे ५१ टन. जयगडावरची जयबाण तोफ पन्नास टनांची सांगतात. सवाई जयसिंहांच्या काळात, १७२० साली, ओतलेली ती तोफ पाहायला गेलो की मला वाटते, तेवढेच वजन येथे साखळीपट्ट्यांवर धावत होते. त्याला चालवणारे बारा सिलिंडरांचे मीटिअर इंजिन हे विमानांच्या प्रसिद्ध मर्लिन इंजिनाचे भावंड. आत माणसे चार. चालक पुढे उजव्या अंगाला. फिरत्या बुरुजात उजवीकडे तोफचालक, त्याच्या मागे वरच्या अंगाला कमांडर, आणि डावीकडे लोडर, म्हणजे तोफेत गोळा भरणारा. बिनतारी संचही त्याच्याकडेच. तोफ २० पाउंडर या नावाची, तिच्या नळीचा व्यास सुमारे ८४ मिलिमीटर.

हाच रणगाडा का निवडला, हे नगरकरांना सांगावे लागू नये. पूना हॉर्स ही १८१७मध्ये उभी राहिलेली पलटण. १९६५च्या युद्धात सेंच्युरियन घेऊन लढताना तिचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर धारातीर्थी पडले. सहा वर्षांनी त्याच पलटणीचा एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल. जन्म पुण्याचा. जून १९७१मध्ये तो अधिकारी झाला, आणि युद्धाचे ढग जमले तेव्हा आपल्या या नगरमध्ये नव्या अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमाला होता. अभ्यासक्रम अर्धवट टाकून तो पलटणीकडे गेला. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगडच्या भागात, बसंतर नदीपलीकडे झालेल्या लढाईत त्याच्या रणगाड्यावर आघात होऊन आग लागली. बाहेर पडण्याचा आदेश आला असता, माझी तोफ अजून चालते आहे, असे त्याने बिनतारी संचावरून कळवले आणि तो लढत राहिला. शत्रूचे चार रणगाडे त्याने स्वतः मोडले असे परमवीर चक्राच्या मानपत्रात नमूद आहे. पलटणीचे प्रमुख होते हनुत सिंह, राजस्थानातल्या जसोलचे. त्या रणगाड्याचे नाव ‘फामागुस्ता’, सायप्रस बेटावरच्या एका बंदराचे. तो आपल्या गावात, चिलखती दलाच्या केंद्रात जतन केलेला आहे.

खेतरपाल हे नाव प्रत्येकाला ठाऊक असते, असायलाच हवे. पण त्या लोखंडी पेटीत ते एकटे नव्हते. तोफेवर सवार नथू सिंह, चालकाच्या जागी सवार प्रयाग सिंह, आणि बिनतारी संचावर सवार नंद सिंह. नंद सिंहांनाही तेथेच वीरमरण आले. ही तीन नावे मी पहिल्यांदा वाचली तेव्हा सरांचा प्रश्न पुन्हा कानांत वाजला. प्रतिकृती करायची तर तिच्या आत चौघांच्या जागा असल्या पाहिजेत, असे त्या रात्री ठरवले.

ठरवणे सोपे होते. संच आणला, तो उत्तम होता, परंतु आतून पूर्ण रिकामा. मग आतले सारे प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांतून, तांब्याच्या तारेतून आणि औषधाच्या गोळ्यांच्या वेष्टनातल्या ॲल्युमिनिअमच्या वर्खातून घडवणे आले. पहिली अडचण जाडीची. खऱ्या बुरुजाचे समोरचे चिलखत १५२ मिलिमीटर जाड. पस्तीसने भागले की ते सव्वाचार मिलिमीटरच्या थोडे वर येते. धडाच्या बाजूचे पोलाद ५१ मिलिमीटर, म्हणजे येथे दीड. संचातले प्लास्टिक मात्र सगळीकडे जवळपास एकाच जाडीचे. बाहेरून पाहणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. पण झाकण उघडे ठेवले की कडेची जाडी दिसते आणि तज्ज्ञाला ते तत्क्षणी खोटे वाटते. म्हणून आतून थर चिकटवत जाडी आणावी लागते, आणि तसतशी आतली जागा आक्रसत जाते. हे करताना प्रथमच उमगले, एवढ्या अवजड वाहनात माणसांच्या वाट्याला किती थोडी जागा येते.

येथे जयपूरविषयी थोडे सांगतो. जयसिंहांना पितळेची छोटी वेधयंत्रे पसंत नव्हती. लहान यंत्रातली लहान चूक आकाशात मोठी होते. म्हणून त्यांनी दगडचुन्याची प्रचंड यंत्रे बांधली, सम्राट यंत्र तर सत्तावीस मीटर उंच. त्यांच्या दरबारातले ज्योतिषी जगन्नाथ सम्राट हे आपल्या महाराष्ट्राचे, युक्लिडची भूमिती संस्कृतात आणणारे. मी त्याच नगरीत बसून नेमका उलटा उद्योग करतो. माझ्या हातून एक मिलिमीटर चुकला की मूळ रणगाड्यात दोन बोटे सरकलेली असतात.

आणि मी एक मिलिमीटर नव्हे, पुरता चुकलो होतो. चालकाची बैठक मी डावीकडे बसवली होती. मोटारीत चालक उजवीकडे असतो हे रोज पाहणारा मी, एका परदेशी रणगाड्याचे छायाचित्र समोर ठेवून काम करत गेलो. बैठक, दोन सुकाणू दांडे, पायपट्ट्या, सारे रंगवून तयार झाले होते.

ही चूक दाखवली आमच्या घरमालकांनी. खातीपुरा ही छावणीला लागून असलेली वस्ती. राजस्थानात खाती म्हणजे सुतार. आता तेथे सुतार थोडे आणि निवृत्त फौजी पुष्कळ. आमचे घरमालक चिलखती दलातून रिसालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांची पलटण वेगळी, परंतु तरुणपणीची वर्षे सेंच्युरियनवरच गेलेली, तीही लोडर म्हणून. दोन वर्षे मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होतो आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. काचबिंदूने त्यांची नजर बरीच गेली आहे. एकदा भाडे द्यायला खाली गेलो असता रंगाच्या वासाचा विषय निघाला, मी काय करतो ते सांगितले, आणि ते जिना चढून वर आले. मी प्रतिकृती त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा पुढच्या भागावर फिरवला, चालकाच्या झाकणापाशी थांबवला, आतल्या बैठकीचा उंचवटा नखाने चाचपला आणि म्हणाले, “बेटा, ड्राइवर को गोलों की जगह बैठा दिया?” चालकाच्या डावीकडे दारूगोळ्याचे कप्पे असतात. माझा चालक त्यांवर बसला होता.

तेव्हापासून ते माझे गुरू झाले. त्यांना ‘साहेब’ म्हणण्याचा माझा रिवाज, तोच येथेही ठेवतो. मात्र एक पेच होता. साहेबांना दिसत नव्हते, आणि प्रतिकृतीच्या आत त्यांचे बोट जात नव्हते. बुरुजाच्या आतल्या वस्तू कोठे होत्या हे त्यांना शब्दांत सांगता येईना. “इथे हात गेला की ते असायचं,” एवढेच म्हणत.

शेवटी एका संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. बुरुज ज्या कड्यावर फिरतो त्याचा व्यास ७४ इंच, म्हणजे सहा फूट दोन इंच. मी खिळा आणि दोरी घेऊन खडूने तेवढे वर्तुळ काढले. मधोमध तोफेच्या मागच्या भागाच्या जागी त्यांच्या पत्नीने पापड वाळत घालायची बाज आडवी उभी केली. उजवीकडे मी आणि माझा मुलगा, पुढेमागे, गुडघे पोटाशी घेऊन. डावीकडे साहेब. माझ्या मुलाचा गुडघा माझ्या पाठीत आणि बाजेचा पाय माझ्या बरगडीत रुतत होता. काकींनी दारातून पाहिले आणि चहाचे पेले तसेच हातात धरून उभ्या राहिल्या. वर्तुळात ठेवायला जागाच नव्हती.

साहेबांनी डोळे मिटले. एरवी जिना उतरताना भिंत चाचपणारा तो माणूस तेथे कोठेच चाचपडला नाही. वाकून खालून गोळा उचलायचा, मांडीवर पेलायचा, पुढे लोटायचा, हात बाजूला घ्यायचा, आणि ओरडून तयार असल्याचे सांगायचे. तोफ उडाली की मागचा भाग झटक्याने मागे येतो. तेथे कोपर राहिले तर ते कोपर उरत नाही. मग पितळेची तापलेली पुंगळी बाहेर पडते, धूर कोंडतो. आणि पुन्हा वाकायचे. दोन-तीन वेळा त्यांनी हे केले. त्यांचा हात जेथे जेथे गेला तेथे माझ्या मुलाने खडूने खुणा केल्या. नंतर मी त्या फूटपट्टीने मोजल्या, पस्तीसने भागल्या, आणि आतली निम्मी मांडणी त्या खुणांवरून केली. गच्चीवरचे ते वर्तुळ पहिल्या पावसापर्यंत तसेच होते. काकी त्याच्या कडेकडेनेच जात.

आत रंग कोणता होता, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “रंग कुणी पाहिला? अंधारच असायचा.” मग थोड्या वेळाने म्हणाले, हात लागून लागून कुठे चकाकी आली होती ते मात्र सांगतो. रणगाड्यांच्या आतला भाग बहुधा फिकट रंगवतात, दिव्याचा क्षीण उजेड पसरावा आणि तेल गळले तर दिसावे म्हणून. मी मळका पांढरा दिला. त्यावर तैलरंग पातळ करून सांध्यासांध्यांत सोडला, म्हणजे कोपऱ्यांना खोली येते. आणि साहेबांनी सांगितलेल्या जागी, झाकणाच्या कडेवर, मुठींवर, लोडरच्या पायाखाली, शिसपेन्सिलीची पूड बोटाने घासली. त्याने पोलादाची झिजलेली चमक हुबेहूब येते. बाजारात याच कामाची महागडी द्रव्ये मिळतात. माझ्या मते पेन्सिल सरस.

बाहेरचा गडद हिरवा रंग सोपा पडेल असे वाटले होते, तर खातीपुऱ्याच्या हवेने तेथे हात दाखवला. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की फवाऱ्याच्या टोकाशीच रंग सुकतो आणि पृष्ठभागावर खरखर बसते. पहाटे पाचला उठून, रंगात सुकणे लांबवणारे द्रव्य मिसळून काम केले. शेवटचा पारदर्शक लेप ओला असतानाच आंधी आली. खिडकी बंद करीपर्यंत मारवाडची वाळू रणगाड्यावर येऊन बसलेली. मित्र म्हणाले, छान झाले, युद्धाची धूळ आपसूक मिळाली. पण बसंतरच्या काठी डिसेंबरात धुके असते, चिखल असतो. वाळवंटाची पिवळी धूळ तेथे खोटी. तो लेप घासून काढण्यात आठ दिवस गेले.

बुरुजातली एक लहानशी वस्तू मला फार प्रिय आहे. सेंच्युरियनच्या आत पाणी उकळण्याचे विजेवरचे भांडे असते, बाहेर न पडता चहा करता यावा म्हणून. ते मी साखरेच्या मोठ्या दाण्याएवढे करून लोडरच्या बाजूला बसवले आहे. साहेबांना सांगितले तेव्हा ते प्रथमच मोठ्याने हसले. चहा करणे हेही लोडरचेच काम होते म्हणे, आणि साखर कमी पडली की चौघांच्या शिव्या, पैकी एक शिवी स्वतःची.

मग प्रश्न आला माणसांचा. चार लहान आकृत्या मी घडवल्या, पाच सेंटिमीटरच्या आतल्या, बसलेल्या. चेहरे रंगवायला बसलो आणि हात थांबला. खेतरपालांची छायाचित्रे आहेत. नंद सिंहांचा चेहरा मला ठाऊक नव्हता. कल्पनेने रंगवावा? कोणाच्या तरी वडिलांचा, भावाचा चेहरा मी माझ्या सोयीने कसा ठरवणार? आणि एकाचाच चेहरा खरा ठेवून तिघांना कोरे सोडले, तर ज्या कारणासाठी हा खटाटोप केला तेच पुसले जाते. महिनाभर आकृत्या तशाच पडून होत्या. साहेबांना विचारले. ते म्हणाले, “माणसं काढ. जागा ठेव.” म्हणून या रणगाड्यात आज कोणी नाही. चार बैठका आहेत, प्रत्येकीची गादी बसून दबलेली, आणि लोडरच्या बाजूला खुंटीवर कानाचा संच टांगलेला. १६ डिसेंबरच्या सकाळी, चौघे चढण्याच्या थोडे आधीची वेळ मी धरली आहे. आग, भगदाड, काजळी यांतले काहीही केलेले नाही. करता आले असते. त्याची तंत्रे मला अवगत आहेत.

शेवटची अडचण सर्व आतले काम करणाऱ्यांची असते. बुरुजाचे छप्पर एकदा चिकटवले की तीन वर्षांचे काम दोन झाकणांच्या फटीतून जेवढे दिसेल तेवढेच दिसते. काही जण एक बाजू कापून उघडी ठेवतात. ते मला पटत नाही, रणगाडा चिरल्यासारखा वाटतो. चिकटवून टाकावे, आत आहे हे आपल्याला ठाऊक असले म्हणजे झाले, असेही मनात आले होते. मग आठवीचा तो वर्ग आठवला. माझा खोक्याचा रणगाडा सरांनी उलटा करून पाहिला, म्हणून तर मी आज येथे उभा आहे.

ही प्रतिकृती आजपासून शाळेची. तिचे शिसवी तळपाट खातीपुऱ्यातल्या एका सुताराने करून दिले आहे आणि त्याने पैसे घेतले नाहीत. मुख्याध्यापकांना एकच विनंती आहे, ती काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नये. बुरुजाचे छप्पर मी चिकटवलेले नाही. ते दोन बोटांनी उचलले जाते, मागच्या कडेला धरावे, पुढच्या नव्हे. पुढे तोफेचा सांधा नाजूक आहे. मुलांनी उचलून पाहावे. काही मोडेलच. पेटीच्या खणात डिंकाची बाटली, चिमटा आणि सुट्या भागांची पुडी ठेवली आहे, आणि पाणी उकळण्याची आणखी दोन भांडीही करून ठेवली आहेत, कारण ती सर्वांत आधी हरवतील.